गंजाची पिशवी

मित्रांनो, एका चष्म्याच्या दुकानात, नंबर तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याशेजारी एक खिळा आहे. त्या खिळ्याला जे तपकिरी, सुरकुतलेलं काहीतरी लटकताना दिसतं, ती मी. पुष्कळांना मी चहाची गाळणी वाटते. एका आजींना तर मी पायमोजा वाटले होते; पण त्या नंबर वाढला म्हणूनच आल्या होत्या, तेव्हा त्यांच्यावर काय रागवायचं! मी एक जुनी जाळीची पिशवी आहे. आज माझ्या पोटात काही नाही. एके काळी गंज असायचा, आणि त्या गंजाच्या आधारावर काचेच्या टाकीतला एक लहानसा समुद्र जगत असे. तुम्हाला खोटं वाटेल. वाटू दे. ज्यांना हे सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं ते गेले, आणि बाकीचे या विषयावर बोलत नाहीत.

माझं बालपण फार सांगण्यासारखं नाही. एका यंत्राने मला बारीक नायलॉनच्या धाग्यांतून विणलं, दुसऱ्याने कापलं, तिसऱ्याने शिवलं आणि तोंडाला पितळी चेन लावून दिली. त्या चेनचा मला फार अभिमान होता. नाजूक कपडे धुताना फाटू नयेत म्हणून त्यांना आत घालायची पिशवी, अशी माझी नेमणूक झाली. लोकरीचे कपडे पोटात घ्यायचे आणि धुलाईच्या यंत्रात गरगर फिरायचं. कपडे स्वच्छ होऊन बाहेर पडत, त्यांच्या घड्या होत, त्यांना कपाटात जागा मिळे. मी मात्र मोरीतल्या नळावर लटकत राही. गाळणाऱ्याच्या नशिबी गाळच येतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी ज्या घरात आले ते चष्मेवाल्यांचं घर. पुढच्या खोलीत दुकान, मधे पडदा, पडद्यामागे संसार. गल्लीतले सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणत. इतर दुकानांत ग्राहकाच्या खुर्चीसमोर आरसा असतो. इथे खाऱ्या पाण्याची टाकी होती. निळसर उजेड, खडक, पट्टेवाल्या माशांची एक जोडी, आणि खडकांवर वाढणारी प्रवाळं. नवा चष्मा नाकावर बसवला की चष्मेवाले आधी तक्ता वाचायला लावत आणि मग टाकीकडे बोट करत.

"आता तिकडे बघा. त्या झुडपाची टोकं कुठल्या रंगाची दिसतात?"

"जांभळी."

"आणि टोकांवर काही हलतंय?"

"बारीक केस हलल्यासारखं... अरे, आहे की!"

"मग झालं. चष्मा बरोबर आहे." तक्ता लोक पाठ करून येतात, असं त्यांचं म्हणणं. समुद्र कोणाला पाठ करता येत नाही.

ते झुडूप म्हणजे झाड नव्हतं, मित्रांनो. प्रवाळ हा जीव आहे. हजारो इवले जीव एकमेकांना धरून फांद्या करतात. चष्मेवाल्यांनी ते आणलं तेव्हा ते बोटाच्या नखाएवढं होतं. वर्षानुवर्षं वाढून ते भरल्या परडीएवढं झालं. उजेड जरा जास्त झाला की ते मिटायचं, पाणी जरा तापलं की फिकुटायचं. चष्मेवाल्यांच्या बायकोने म्हणून त्याचं नाव ठेवलं होतं जावई. "आज काय बिनसलंय जावईबापूंचं?" ती पडद्यातून डोकावून विचारायची. "सासरे काही बोलले तर नाहीत ना?"

मी या कारभारात कशी ओढली गेले ते सांगते. एके दिवशी चष्मेवाल्यांनी मला नळावरून उचललं आणि बोटांनी ताणून उजेडात धरलं. माझी जाळी त्यांना हवी तितकी बारीक निघाली.

"अहो, माझी लोकरीची पिशवी कुठे चाललीये?"

"समुद्रात. एवढी ही चेन उसवून नाडी लावून दे. पितळ आहे. पितळात तांबं असतं, आणि तांब्याने प्रवाळं मरतात."

"बरं. आणि आत भरणार काय?"

"गंज."

ती कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "पितळ चालत नाही, गंज चालतो! धन्य आहे तुमची. आणि मी माझे स्वेटर काय अंगावर धुऊ?"

पण तिने चेन उसवली आणि नायलॉनची नाडी ओवून दिली. माझा अभिमान कात्रीने कचऱ्यात पडला. मग चष्मेवाल्यांनी मला कित्येक दिवस साध्या पाण्यात भिजत ठेवलं, रोज पाणी बदललं, रोज नाकाशी धरून वास घेतला. माझ्या धाग्याधाग्यात मुरलेला साबण पुरता निघेपर्यंत त्यांनी मला टाकीजवळ येऊ दिलं नाही. इतक्या निगुतीने मला त्याआधी कोणी हाताळलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

आता माझं काम ऐका, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माशांना घातलेलं खाणं, त्यांची विष्ठा, उरलंसुरलं, सगळं पाण्यात कुजतं. त्यातून फॉस्फेट नावाचा क्षार वाढतो. तो दिसत नाही. दिसतं ते त्यावर माजलेलं शेवाळ. लोखंडाच्या गंजापासून केलेले तपकिरी दाणे डब्यात मिळतात. फॉस्फेट त्या दाण्यांना चिकटून बसतं. दाणे मोकळे टाकले तर टाकीभर पसरतील, म्हणून ते माझ्या पोटात. चष्मेवाल्यांच्या मुलाला याची फार गंमत वाटे. "लोक घरातला गंज घासून काढतात," तो म्हणायचा, "आमचे बाबा डबा भरून घरात आणतात."

चष्मेवाले चमचाभरच दाणे घेत. आधी ते धूत. पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघे, मग फिकं, मग नितळ. नितळ आल्यावरच माझी नाडी आवळत आणि टाकीखालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत, जिथून पाणी वर जाण्याआधी संथ वाहतं, तिथे मला ठेवत. पंपाच्या तोंडाशी कधीच नाही. तिथे दाणे एकमेकांवर घासून त्यांचं पीठ होतं आणि ते पीठ जिवांच्या अंगावर बसतं. हे सगळं बघायला धाकटी लेक शेजारी उकिडवी बसलेली असे. पाणी तपासायचा मान तिचा. लहानशा बाटलीत टाकीतलं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि किती निळं होतं ते बघायचं.

"फिकट निळं हवं," चष्मेवाले सांगत. "गडद झालं तर समजायचं, दाण्यांचं पोट भरलंय, टाकून नवे घ्यायचे. आणि रंगच आला नाही तर?"

"तर उत्तम!"

"तर घाबरायचं. थोडं फॉस्फेट त्यांनाही लागतं, ग. उपाशी कोण जगतं?"

"पण बाबा, एकदम खूप दाणे घातले तर लवकर नाही का होणार?"

यावर ते तिला दुकानातलीच गोष्ट सांगत. नंबर बरोबर असला तरी एकदम मोठा दिला तर माणूस दुकानाच्या पायरीवरच धडपडतो. चुकीच्या काचेने त्रास होतो तसा बरोबर काचेनेही होतो, घाई केली तर. थोडं थोडं वाढवायचं आणि दर वेळी विचारायचं. तेच तर त्यांचं दिवसभराचं काम होतं. एक काच लावायची, काढायची, दुसरी लावायची आणि विचारायचं, "आधीचं बरं, की आताचं?" कपाटाच्या दारामागून मी हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला की वाटे, जगात माणसं एकमेकांना हेच विचारत असतील.

अशी बरीच वर्षं गेली. दाण्यांनी माझा रंग आधी पिवळट केला, मग तपकिरी. जावई वाढत होता, त्याची टोकं जांभळी होती, लोक खुर्चीत बसून वाहवा करत होते. वाहवा टाकीची, माशांची, उजेडाची. कपाटाचं दार उघडून "आणि ही कोण?" असं कोणी कधी विचारलं नाही. नाहीच विचारलं, तर नाही. काम होत होतं.

मुलगा शिकून परगावी नोकरीला गेला. धाकटी दुकानातच काचा घासायला आणि चौकटी बसवायला शिकली. मग चष्मेवाल्यांचं वजन उतरू लागलं. खोकला हटेना. एके सकाळी दवाखान्यात जायला निघताना त्यांनी बाही वर करून टाकीत हात घातला, जावयाच्या बुंध्याशी अडकलेला कचरा काढला आणि हात पुसत धाकटीला म्हणाले, "जावयाला सांभाळ. बाकी कशाचं काही अडत नाही." ती म्हणाली, "तुम्ही ठेवलाय तस्साच दाखवीन." एवढाच त्या दोघांचा करार.

दवाखान्यात काय निघालं ते पडद्यामागच्या कुजबुजीतून मला कळलं. दुखणं परत फिरणारं नव्हतं. मुलगा धावत आला. डॉक्टरांनी त्याला आणि त्याच्या आईला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, आणि त्या दोघांनी तिथल्या तिथे ठरवलं, की बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही. उपचारही मोठेच सुरू झाले, एकदम सगळे. ते सोसतंय की नाही, हे आजाऱ्याला सोडून सगळ्यांना विचारलं गेलं.

इकडे घरी माणसांची रीघ लागली. दवाखान्यात एकेकालाच सोडत. मग जो तो दुकानात येऊन बसे, हळहळे आणि उठताना टाकीपुढे उभा राही. "बिचारे! यांच्याकडे बघायला कोण आहे?" की पडली खाण्याची एक चिमूट. शेजारच्या काकू तर सकाळ-संध्याकाळ येत. "मुका जीव आहे. उपाशी ठेवून पाप कशाला?" धाकटी दवाखान्यातून परत येऊन सांगे, "काकू, त्यांना दिवसातून एकदाच लागतं." काकू डोळे पुसत म्हणत, "अगं, दोन दाण्यांनी काय होतंय? जीव तळमळतो म्हणून घालते." चष्मेवाल्यांच्या मुखी घास घालता येत नव्हता, म्हणून सगळ्यांनी तो माशांना घातला. माझ्या पोटातले दाणे केव्हाच भरून गेले होते. ते बदलायची आठवण होती एकाच माणसाला, आणि तो माणूस पलंगावर होता.

काचा हिरव्या झाल्या. खडकांवर केस उगवले. जावयाच्या बुंध्याशीही शेवाळ चढू लागलं.

आता त्या मुलाबद्दल. तो वाईट नाही, मित्रांनो. कामाचा मात्र त्याला दांडगा उरक. लहानपणी तो गणितात आधी उत्तर लिहायचा आणि मग वर रीत भरायचा. बाबा घरी येतील तेव्हा टाकी लख्ख दिसली पाहिजे, असं त्याने मनावर घेतलं. त्याने काचा खरवडल्या, जुने दाणे झटकले, नवा डबा फोडला आणि होता तेवढा माझ्यात ओतला. माझी नाडी जेमतेम बसली. मग त्याने मला थेट पंपाच्या तोंडाशी कोंबलं. तेवढ्यात धाकटी आली.

"दादा, किती घातलंस?"

"डबा. त्याशिवाय हे जंगल हटणारे का?"

"धुतलेस?"

"अगं, पाण्यातच तर टाकलेत. आणखी कुठे धुवायचे?"

"बाबा चमचाभर घालायचे."

"म्हणूनच ही कळा आलीये ना!"

"कळा त्यांच्या चमच्याने नाही आली. सगळ्यांनी खायला घालून घालून आणलीये." ती खाली बसली. "एकदा बाबांना विचारू या. एक फोन करायचा, बस."

मुलाचा आवाज एकदम चढला. "तो माणूस हाताला सुया टोचून पडलाय, आणि तू त्याला शेवाळाचं विचारणार? डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? डोक्याला ताप नको."

"नको ग बाई," आईही पडद्यातून म्हणाली. "त्यांना काही सांगू नका. टाकीचं ऐकलं तर सलाईन काढून निघतील."

झालं. तीन माणसं एका माणसाची काळजी करत होती, आणि त्या काळजीत त्याला तोंड उघडायची सोय उरली नव्हती.

दाण्यांची पूड उडून पाणी चिखलासारखं झालं. मासे खडकाआड लपले. मग पूड बसली आणि पाणी निवळू लागलं. ते नितळ झालं, मग आणखी नितळ झालं, इतकं, की टाकीत पाणी आहे की नुसती हवा, ते कळू नये. शेवाळ पिवळं पडून गळालं. येणारा प्रत्येक जण थबकू लागला. "काय जादू केलीस रे?" काकूंनी विचारलं. मुलाने मोठ्या कौतुकाने कपाट उघडलं आणि मला दाखवलं. "ही बघा. हिची कमाल!"

आयुष्यभर खपले तेव्हा माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मला शाबासकी मिळाली ती एकदाच, आणि ती या कामाबद्दल. माझ्या हातात काही नव्हतं. मला थांबता येत नाही. माझ्यात चमचा भरा, मी चमचाभर ओढीन. डबा भरा, मी शेवटच्या कणापर्यंत ओढत राहीन. पुरे कधी म्हणायचं, हे भरणाऱ्याने ठरवायचं असतं.

धाकटीने बाटलीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि वाट पाहिली. रंग आलाच नाही.

"शून्य!" मुलगा टाळी वाजवून म्हणाला. "पैकीच्या पैकी!"

"शून्य नको असतं, दादा. आणि ती टोकं बघ. जांभळी राहिली नाहीत."

"उजेडामुळे तसं दिसतंय. पाणी स्वच्छ झालं की रंग फिकाच दिसणार."

तो ग्राहकाकडे वळल्यावर तिने कपाट उघडलं आणि माझ्या नाडीला हात घातला. मी अर्धी पाण्याबाहेर आले होते, तेवढ्यात फोन वाजला. चष्मेवाले होते. एका हातात मी होते, म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. त्यामुळे त्यांचं बोलणं मी शब्द न् शब्द ऐकलं.

"काय ग, टाकी कशी आहे?"

फोन वाजताच दादा समोर येऊन उभा राहिला होता. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "छान आहे, बाबा. पाणी अगदी आरशासारखं झालंय."

पलीकडे पलंग करकरला; ते उठून बसले असावेत.

"आरशासारखं?"

"हो."

"पिशवीत किती दाणे आहेत?"

धाकटीने तोंड उघडलं होतं. पण मुलाने फोन उचलला. "बाबा, मी आहे ना इथे! तुम्ही फक्त आराम करा. टाकीची काळजी सोडा."

"अरे, मी विचारतोय की..."

"सगळं झकास आहे. आता डॉक्टर फेरीला येतील तुमच्याकडे. ठेवतो हं!"

फोन ठेवून तो बहिणीला म्हणाला, "बघितलंस? लगेच सुरू झाले. म्हणून म्हणतो, त्यांना यातलं काही कळायला नको. आणि ती पिशवी राहू दे. ते यायच्या आत शेवाळ परत आलं तर सगळी मेहनत पाण्यात."

तिने नाडी सोडली. मी परत पंपाच्या तोंडाशी जाऊन बसले.

त्यानंतर जावयाचं अंग बुंध्यापासून सुटायला लागलं. भिजलेल्या कागदासारखं ते निघे, पाण्यात तरंगे आणि खाली पांढरं हाड उघडं पडे. ते फांदीफांदीने वर चढत गेलं. धाकटी दवाखान्यातून आली की बसायच्या आधी टाकीपाशी जाई. चष्मेवाले घरी परतले, त्या दिवसापर्यंत सगळं झुडूप पांढरं झालं होतं.

"अगं बाई, काय शुभ्र दिसतंय!" काकू हात जोडून म्हणाल्या. "नुसता कापूस फुललाय. मुलांनी मेहनत घेतली हो."

चष्मेवाल्यांना बरं वाटलं म्हणून घरी सोडलंय, असं सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं. उंबऱ्यापासून पडद्यापर्यंत चालणं त्यांना झेपेना, म्हणून ते वाटेत ग्राहकाच्याच खुर्चीत बसले. समोर टाकी. कोणी हलेना. त्यांनी डावीकडून उजवीकडे, एकेक खडक, एकेक फांदी बघितली, काच घासून तयार झाल्यावर बघत तसं.

"कसं वाटलं, बाबा?" मुलाने विचारलं. त्याचे डोळे चमकत होते.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "खूप केलंस."

मग त्यांनी चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि खिशात ठेवला.

"अहो, चष्मा घाला ना," बायको म्हणाली. "नीट दिसेल."

"असंच बरं दिसतंय."

दुपारी मुलगा औषधं आणायला गेला, आई मागे स्वयंपाकाला लागली. चष्मेवाले त्या खुर्चीतून उठले नव्हते. त्यांनी धाकटीला खूण केली. "पिशवी काढ."

तिने मला ओढून काढलं. पाणी गळत होतं, मी ओल्या विटेसारखी जड झाले होते. त्यांनी मला तळहातावर घेतलं. तो हात मला ओळखीचा वाटला नाही. नुसती हाडं होती.

"अख्खा डबा?"

"हो."

"न धुता?"

"हो, बाबा."

"विचारायचं होतंस, ग."

"दादा म्हणाला, तुम्हाला त्रास होईल."

ते हसल्यासारखं करून खोकले. "मी किती दिवसांचा आहे, ते मला ठाऊक आहे. तुमचे चेहरे काय मी पहिल्यांदा बघतोय? त्याचा त्रास नाही होत. तिथे पलंगावर पडून दिवस दिवस वाटायचं, की कोणीतरी काहीतरी विचारावं. जेवणार का, झोपणार का, ते नाही. मला येतं ते." थोडा दम घेऊन ते म्हणाले, "एकच गोष्ट विचारायची होती. मी दोन शब्दांत सांगितली असती."

धाकटी रडली नाही. तिला रडू द्यायला त्यांनी वेळच दिला नाही. "खडकाआड बघ. ती छोटी तपकिरी प्रवाळं अजून उघडतात का?"

"उघडतात. थोडीथोडी."

"मग त्यांच्यासाठी करायचं. दाणे टाकून दे. पिशवी साध्या पाण्यात धू, साबण नको. थोडंच पाणी बदल, सगळं नाही. माशांचं खाणं आटोक्यात आण. मूळ तिथे आहे, ही पिशवी नंतरची. मग रोज तपास. निळं गडद व्हायला लागलं, तर चमचाभर. धुतलेले. संथ जागी. आणि प्रवाळांकडे बघत राहा. ती सांगतात. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही."

त्या दुपारी होण्यासारखं होतं ते सगळं तिने केलं. मग त्यांच्या पाठीमागची उशी घसरली होती, ती तिने नीट लावली आणि सवयीने विचारलं, "आधीचं बरं होतं, की आताचं?"

त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "आधीचं," ते म्हणाले. "दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी विचारलं."

तिने उशी पुन्हा आधीसारखी केली.

ते फार दिवस राहिले नाहीत. खिशातला चष्मा त्यांनी टाकीकडे बघताना पुन्हा घातला नाही. जाईपर्यंत त्यांनी मुलाला एका शब्दाने दुखावलं नाही. टाकीच्या कडेला, रिकाम्या पोटाने, मी ते सगळे दिवस ऐकत होते.

पुढची हकिकत लवकर संपते. आईला टाकी समोर नको झाली. मासे आणि छोटी प्रवाळं एका जाणत्या माणसाने सांभाळायला नेली, रिकामी टाकी आणखी कोणी नेली. मुलाने ते पांढरं झुडूप बाबांची आठवण म्हणून मागून घेतलं. त्यांच्याच मफलरमध्ये गुंडाळून त्याने ते आपल्या गावी नेलं. आता ते त्याच्या काचेच्या कपाटात आहे, खालून दिवा सोडलाय. येणारे-जाणारे विचारतात, "किती सुंदर! कुठून आणलंत?" तो सांगतो, "बाबांनी वाढवलंय." त्याला अजूनही ते सुंदर वाटतं. त्याला कोणी सांगितलेलं नाही. त्या घरात वाईट बातमी सांगायची पद्धत नाही.

निघताना आवराआवरीत मी त्याच्या हाती लागले. "ही फेकून दे," तो बहिणीला म्हणाला. "बाबांनी नंतर टाकीकडे धड पाहिलंच नाही. हिच्यामुळेच काहीतरी बिघडलं असणार." आईनेही मान हलवली. डबा कोणी ओतला, फोन कोणी उचलला, तोंड उघडून कोण गप्प बसलं, यातलं काही निघालं नाही. पिशवीला नाव ठेवणं सोपं असतं. पिशवी उलट बोलत नाही.

धाकटीने मला त्याच्या हातातून घेतलं, धुतलं आणि या खिळ्याला टांगलं.

मित्रांनो, अशा आत्मकथेच्या शेवटी जुन्या वस्तूने म्हणायचं असतं, की मला जपा. मी तसं म्हणणार नाही. जाळी फाटली तर दुसरी जाळी मिळते. तुमच्या घरी अशी टाकी असेल तर दाणे धुऊन घ्या, थोडे घ्या, पाणी तपासत राहा आणि शून्याला भुलू नका. आणि तुमच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर त्याला त्रास नको म्हणून दार लोटून घेऊ नका. आत जा. त्याला जे येतं, ते त्याला विचारा. चुकीचं विचाराल, वेळी-अवेळी विचाराल, तरी चालेल. पण तो तुम्हाला काही विचारत असेल, तर फोन ठेवू नका.

आता दुकान धाकटी चालवते. नंबर देताना घाई करत नाही. एक काच लावते, काढते, दुसरी लावते, विचारते. चष्मा नाकावर बसला की तक्ता वाचून घेते आणि मग, इतक्या वर्षांच्या सवयीने, तिचं बोट समोर जातं.

"आता तिकडे बघा. काय दिसतं?"

ग्राहक डोळे बारीक करून बघतो. त्याला नीट दिसत असतं.

"भिंत," तो म्हणतो.

"बरोबर," ती म्हणते, आणि पावती करायला वळते.